दीड जीबी म्हणजे किती, बाई?



सोमवारी सकाळी मी चौथीच्या वर्गात हजेरी घेत होते. एक मुलगा नेहमी 'हजर बाई!' असं इतक्या जोरात ओरडतो की व्हरांड्यातली चिमणी उडून जाते. त्या दिवशी मात्र तो नुसताच हात वर करून बसला. मधल्या सुट्टीत डबाही उघडला नाही. मी जवळ गेले, तर त्यानं मलाच विचारलं, "बाई, दीड जीबी म्हणजे नक्की किती?"

"का रे?"

"बाबा म्हणतात, मी एका बसणीत त्यांचा दीड जीबी खाल्ला. माझ्यामुळं त्यांची ट्रिप गेली."

हळूहळू सगळी हकिकत बाहेर आली. त्याचे बाबा टेम्पो चालवतात. घरात स्मार्टफोन एकच, तो बाबांचा. शनिवारी आजीचा वाढदिवस होता. आजीला एक नवा सिनेमा बघायचा होता आणि थिएटर तर आमच्या कोयनेकाठच्या गावापासून लांब. म्हणून बाबांनीच १२० रुपये भरून तो सिनेमा ऑनलाइन भाड्यानं घेतला. फोन टीव्हीला जोडला आणि संध्याकाळी ७ वाजता सगळे मांडी घालून बसले. तासाभरानं पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं, ते काही थांबेना.

नेमका तेव्हाच एका गिऱ्हाइकाचा फोन आला. रविवारी घर हलवायचं होतं. "सामानाचा व्हिडिओ पाठवलाय, बघून भाडं सांगा." व्हिडिओ काही उघडेना. बाबांना वाटलं रेंज गेली. ते फोन घेऊन गच्चीवर गेले, मग रस्त्यावर आले. गिऱ्हाइकानं दोनदा विचारलं, मग दुसरा टेम्पो ठरवला. ७०० रुपयांचं भाडं गेलं. नंतर कंपनीचा मेसेज दिसला, 'आजचा डेटा संपला'. सिनेमा मुलानं लावला होता, बटणं त्यानं दाबली होती, तेव्हा खापर त्याच्यावर फुटलं.

आता मला सांगा, दहा वर्षांच्या मुलाला एवढा मोठा आरोप घेऊन बसायला लावायचं, तर निदान हिशेब तरी तपासायला नको? मी गणिताचं पुस्तक मिटलं आणि फळा पुसला. त्या दिवशी आमचा गणिताचा तास चांगला दोन तास चालला.

आधी एक गंमत. सिनेमा म्हणजे काय? भराभर दाखवलेली चित्रं. एका सेकंदाला २४. चांगल्या स्पष्ट चित्रात आडवे १९२० ठिपके आणि उभे १०८०. गुणाकार करा, वीस लाखांच्या वर जातो. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवायला ३ बाइट लागतात. म्हणजे एक चित्र सुमारे ६२ लाख बाइटचं, जवळपास ६.२ एमबी. अशी चोवीस चित्रं म्हणजे दर सेकंदाला सुमारे १४९ एमबी! दीड जीबी म्हणजे १५०० एमबी. (काही ठिकाणी एक जीबी १०२४ एमबींचा धरतात. आपण हिशेब सोपा राहावा म्हणून १००० धरू.) मग अशी चित्रं जशीच्या तशी पाठवली, तर दीड जीबी किती वेळ पुरेल?

"दहा सेकंद!" मुलं ओरडली.

बरोबर. हिरोचं नावसुद्धा पडद्यावर यायचं नाही.

मग सिनेमा दिसतो कसा? तर तो घड्या घालून, दाबून पाठवतात. समजा, दोन माणसं ओट्यावर बसून बोलताहेत. मागची भिंत, तुळस, खांब काही हलत नाही. मग ते पुन्हा पुन्हा कशाला पाठवायचं? 'भिंत तीच, फक्त ओठ हलले' एवढंच कळवायचं. त्यामुळे गप्पांच्या प्रसंगाला डेटा कमी लागतो आणि मारामारीला, धावत्या गाड्यांना, पावसाला जास्त. पावसाचा प्रत्येक थेंब हलतो ना!

आता खरं गणित. इथं मोठी माणसंही घसरतात, म्हणून आई-बाबांनी हा परिच्छेद वाचायला हरकत नाही. इंटरनेटचा वेग बिटमध्ये मोजतात आणि साठा बाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. जाहिरातीत इंग्रजी अक्षर लहान 'बी' असेल तर ते बिट, मोठा 'बी' असेल तर बाइट. दर सेकंदाला १ मेगाबिट या वेगानं तासभर सिनेमा बघितला, तर ३६०० मेगाबिट झाले. भागिले आठ, म्हणजे ४५० एमबी. हा आकडा वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवा, फार उपयोगी आहे: १ मेगाबिट, १ तास, ४५० एमबी.

साध्या चित्राला, म्हणजे उभ्या ४८० ओळींच्या चित्राला, साधारण १ मेगाबिट पुरतो. त्याच्यावरच्या ७२० ओळींच्या चित्राला अडीच मेगाबिटच्या आसपास लागतात, म्हणजे तासाला ११२५ एमबी. १०८० ओळींना याच्या दुप्पट धरा. आणि ते मोठ्या टीव्हीवरचं फोर-के चित्र तासाला ७ जीबीपर्यंत खातं. दर कंपनीचे आकडे थोडे इकडेतिकडे असतात, पण पायऱ्या याच.

आमच्या मुलाच्या घरचा सिनेमा २ तास २० मिनिटांचा. फोनवर चित्राचा दर्जा ठरवलेला होता 'आपोआप'. आपोआप म्हणजे काय? तर रेंज चांगली असली की फोन स्वतःच वरची पायरी चढतो. तुमच्या खिशाला काय परवडतं, ते त्याला कुठं ठाऊक? शनिवारी संध्याकाळी रेंज छान होती आणि तो ७२० ओळींवर चढून बसला. पूर्ण सिनेमाला २६२५ एमबी लागणार होते आणि दिवसाचा कोटा होता १५००. म्हणजे सिनेमा सुरू झाला तेव्हाच तो पुरा होणार नाही हे ठरलेलं होतं. फक्त कुणी गुणाकार केला नव्हता.

"पण बाई," एका मुलीनं शंका काढली, "१५०० एमबी म्हणजे सव्वा तासाच्या वर चालायला पाहिजे होता. तासातच का बंद पडला?"

शाब्बास! मला हाच प्रश्न हवा होता. त्याचं उत्तर फळ्यावर नव्हतं, फोनमध्ये होतं. मी मुलाच्या बाबांना निरोप धाडला: जमलं तर शाळा सुटायच्या आधी फोन घेऊन या.

तोवर मी मुलांना माझ्या लहानपणीची गोष्ट सांगितली. आमच्या वेळी एसटी स्टँडजवळ एक दुकान होतं, तिथं सिनेमाच्या व्हीसीडी भाड्यानं मिळत. एका तबकडीचं दिवसाला १० रुपये भाडं. तबकडीत सव्वा तासाच्या आसपासच चित्रपट मावायचा, म्हणून सिनेमा दोन तबकड्यांत असायचा. पहिली संपली की उठून दुसरी घालायची, आणि दुसरीवर हमखास ओरखडा! हिरो एकच शब्द दहादा म्हणायचा. उशिरा परत केली तर दंड. त्या चित्रात उभ्या ओळी होत्या फक्त २८८. आजच्या फोनवरच्या ४८० ओळींच्या साध्या चित्राहूनही कमी, तरी अर्धी आळी आमच्या खोलीत मावत असे आणि चित्र अंधुक आहे अशी तक्रार कुणी केल्याचं मला आठवत नाही.

ऑनलाइन भाड्यातही तीच रीत आहे. पैसे भरले की सहसा ३० दिवसांत कधीही बघायला सुरुवात करता येते, पण एकदा सुरू केलात की ४८ तासांत संपवायचा. नंतर तो आपोआप कुलूपबंद होतो. दुकानदार दारात येत नाही, एवढाच फरक.

हे ऐकताच मागच्या रांगेतला आमचा मुलगा ताडकन उभा राहिला. "बाई! शनिवारी ७ वाजता लावला होता. म्हणजे आज ७ वाजता..."

वर्गात एकदम गलका झाला. आजीचा अर्धा सिनेमा राहिला होता!

आता मोठ्यांचा प्रश्न. डेटाला अशी मर्यादा असतेच का? पाणी टाकीतून संपतं, तसा डेटा कुठल्या टाकीतून संपतो का? नाही. टॉवरमध्ये डेटाची टाकी नसते. टॉवर म्हणजे रस्ता समजा, आपल्या कुंभार्ली घाटासारखा. एका वेळी ठरावीक गाड्याच जाऊ शकतात. मंगळवारी दुपारी घाट मोकळा असतो आणि सुट्टीच्या दिवशी रांग लागते. संध्याकाळी ८ वाजता अख्खं गाव व्हिडिओ बघतं, तेव्हा टॉवरवर तशीच रांग लागते. याचा मोठा अनुभव देशाला मार्च २०२० मध्ये आला. टाळेबंदीत सगळे घरी, सगळे फोनवर. तेव्हा व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपन्यांनी आपण होऊन ठरवलं की १४ एप्रिलपर्यंत मोबाइल नेटवर्कवर ४८० ओळींच्या वरचं चित्र द्यायचंच नाही. सगळ्यांच्या गाड्या लहान केल्या, म्हणजे रस्ता सगळ्यांना पुरला.

मला मात्र रोजच्या दीड जीबीचा हिशेब पुरता पटत नाही. पहाटे ३ वाजता घाटातून एकटा टेम्पो गेला, तर कुणाची अडवणूक होते? कुणाचीच नाही. पण पहाटे वापरलेला एमबीसुद्धा संध्याकाळच्या एमबीइतकाच मोजला जातो. एका कंपनीनं रात्री १२ ते सकाळी ६ डेटा मोफत अशी योजना आणली होती, ती मला जास्त शहाणपणाची वाटली. शिवाय मंगळवारी उरलेले ५०० एमबी बहुतेक योजनांत शनिवारला जोडून मिळत नाहीत. उरलेलं भात आपण दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकतो, डेटाला ती सोय नाही.

हे भांडण आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत नेटफ्लिक्सनं जानेवारी २००७ मध्ये सिनेमे इंटरनेटवरून दाखवायला सुरुवात केली. त्याआधी ती कंपनी डीव्हीडी चक्क टपालानं घरी पाठवायची. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००८ पासून, कॉमकास्ट या तिथल्या मोठ्या केबल कंपनीनं घरच्या इंटरनेटला महिन्याला २५० जीबीची मर्यादा घातली. कंपनीचं म्हणणं, आमचं सर्वसाधारण गिऱ्हाईक महिन्याला २-३ जीबीच वापरतं, एवढ्यात साधे १२५ सिनेमे बसतात, मग तक्रार कसली? लोकांचं म्हणणं, तुम्ही केबल टीव्हीही विकता, आम्ही सिनेमा इंटरनेटवर बघायला लागलो की तुमचं गिऱ्हाईक जातं, म्हणून तर नाही ना ही मर्यादा? २०१६ मध्ये तीच मर्यादा १००० जीबीची झाली. सिनेमे तेच, पण चित्राच्या ओळी वाढल्या आणि २५० जीबी तोकडे पडले.

आपल्याकडे गंमत उलटी झाली. २०१६ च्या आधी मोबाइलवर एका जीबीला दोनशे-अडीचशे रुपये पडायचे. तेव्हा आजीचा सिनेमा ७२० ओळींत बघितला असता, तर भाडं १२० आणि डेटा सहाशेच्या घरात! टोपीपेक्षा गोंडा जड. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, पहिले काही महिने फुकट होतं, आणि दर कोसळले. मग जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी ते पुन्हा वाढवले. आमच्या मुलाच्या बाबांचं रिचार्ज २९९ रुपयांचं, २८ दिवस, रोज दीड जीबी. म्हणजे ४२ जीबी. भागाकार केला तर एक जीबी सव्वासात रुपयांच्या आत आला. संपूर्ण सिनेमाचा डेटा ७२० ओळींत १९ रुपयांचा, ४८० ओळींत साडेसात रुपयांचा.

"म्हणजे डेटा स्वस्तच आहे की!" एक जण म्हणाला.

स्वस्त आहे, पण तो रोजच्या वाटीनं मिळतो. आणि वाटी संपली की वेग उतरतो सेकंदाला ६४ किलोबिटवर. भागिले आठ, म्हणजे ८ किलोबाइट. गिऱ्हाइकानं पाठवलेला सामानाचा व्हिडिओ १६ एमबीचा होता असं धरू. मुलांनी भागाकार केला: २००० सेकंद. तेहतीस मिनिटं! बाबा गच्चीवर जावोत नाहीतर डोंगरावर, तो व्हिडिओ तेहतीस मिनिटांच्या आत उघडणारच नव्हता. गिऱ्हाईक कशाला थांबेल? तेवढ्यात २९ रुपयांचा २ जीबीचा जादा डेटा घेतला असता, तर व्हिडिओही उघडला असता आणि सिनेमाही पुरा झाला असता. पण डेटा संपला आहे हे कळायला हवं ना! मेसेज सिनेमाच्या मागं दडला होता.

(ज्यांच्या घरी वायरचं फायबर इंटरनेट आहे, त्यांनी आमच्याकडं बघून हसू नये. बऱ्याच फायबर योजनांत महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. ७२० ओळींचं चित्र महिनाभर रात्रंदिवस चालू ठेवलं तरी ८१० जीबीच होतात. त्यांना हा गुणाकार शिकावाच लागत नाही.)

साडेचारला बाबा आले. टेम्पो फाटकाबाहेर लावला, चपला दारात काढल्या आणि पोरानं काय केलं आता, असा चेहरा करून उभे राहिले. मी म्हटलं, "दादा, फोनची सेटिंग्ज उघडा. डेटा वापर कुठं दिसतो ते बघू."

शनिवारचा हिशेब तिथं ओळीनं लिहिलेला होता. सिनेमा, ११०० एमबी. वॉट्सॲप, २६०. छोटे व्हिडिओ, १४०. म्हणजे सिनेमाला हात लागण्याआधीच ४०० एमबी उडालेले! वॉट्सॲपमध्ये बघितलं, तर व्हिडिओ आपोआप उतरवण्याची खूण चालू. नातेवाइकांचे चार गट, टेम्पोवाल्यांचा एक, त्यावर सकाळपासून फुलांचे, देवांचे आणि सुविचारांचे व्हिडिओ येऊन पडत होते. आणि छोटे व्हिडिओ? तेव्हा तर मुलगा शाळेत होता.

बाबांनी मान खाजवली. "ते मी... माल भरेपर्यंत जरा बघत बसलो होतो."

वर्ग हसला. बाबाही हसले. मग मुलांनी त्यांना शेवटचं गणित दाखवलं. शनिवारी उरलेल्या ११०० एमबीत ४८० ओळींचं चित्र लावलं असतं, तर २ तास २० मिनिटांना लागले असते १०५०. सिनेमा पुरा होऊन ५० एमबी शिल्लक! मात्र तो सामानाचा व्हिडिओ उघडायला १६ हवेत, म्हणजे ट्रिपही वाचली असती. बाबांनी फळ्यावरचा आकडा दोनदा वाचला आणि काही न बोलता पोराच्या डोक्यावर हात ठेवला.

एवढ्यात कुणीतरी घड्याळ दाखवलं. पाच वाजायला आले होते आणि सिनेमाला कुलूप लागणार होतं सातला. राहिलेली ८१ मिनिटं, मिनिटाला साडेसात एमबी, म्हणजे ६०८. सोमवारच्या कोट्यातून जेमतेम २०० गेले होते. बसतंय! एका हुशार मुलानं आणखी एक तोडगा सांगितला: पुढच्या वेळी सिनेमा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवायचा, अर्धा रात्री बारा वाजायच्या आधी उरलेल्या डेटातून आणि अर्धा बारा वाजून गेल्यावर नव्या कोट्यातून. बघायला सुरुवात करेपर्यंत ४८ तासांचं घड्याळही चालू होत नाही. उतरवायला डेटा तेवढाच लागतो, पण आजीनं नंतर दुसऱ्यांदा बघितला तर पुन्हा लागत नाही. तोडगा छान आहे, फक्त बारापर्यंत कोण जागणार यावर वाद झाला.

टेम्पो धूळ उडवत गेला. मुलगा पुढच्या सीटवर बसून फोनची सेटिंग्ज बदलत होता.

मंगळवारी सकाळी हजेरीला 'हजर बाई!' अशी आरोळी आली आणि चिमणी उडाली. साडेपाचला लावला, ६ वाजून ५३ मिनिटांनी संपला, सात मिनिटं राखून. आजी म्हणाली, शेवट तिनं मध्यंतरातच ओळखला होता.

"पण बाई, ६०८ नाही गेले. ६३० गेले. मी बघितलं."

बावीस एमबी जास्त आणि दोन मिनिटंही जास्त! सगळा वर्ग कामाला लागला. कुणी म्हणालं जाहिरात असेल, कुणी म्हणालं शेवटी पाऊस पडला असेल. इतक्यात त्यालाच आठवलं. मध्येच आजीनं विचारलं होतं, "हा कोण रे, मघाचाच का?" आणि त्यानं सिनेमा जरा मागं नेला होता. मिनिटाला साडेसात एमबी, तर बावीस एमबीत किती मिनिटं झाली, आणि ती घड्याळातल्या दोन मिनिटांशी जुळतात का, ते तुम्ही काढा. आमच्या वर्गात अजून दोन उत्तरांवर भांडण चालू आहे.